आयएसओ १००, श्वास रोखा आणि पोवळं धरा?

परवा रात्री भाच्याने तारकर्लीहून अडतीस फोटो पाठवले. एकही धड नाही. हिरवट धुक्यात माशाच्या जागी नुसता फराटा. खाली मेसेज: "मावशी, आयएसओ शंभरच ठेवला होता गं, तरी सगळे हलले." (आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड कॅमेरा किती मोठा करून दाखवतो तो आकडा.) आणि त्याच्याखाली तो फॉरवर्ड, 'पाण्याखालच्या फोटोग्राफीची पाच सोनेरी सूत्रे'. गेल्या सीझनपासून तो माझ्या तीन ग्रुपांवर येऊन गेलाय. मी दरवेळी पुढे सरकले, ती चूकच झाली.

सूत्रं अशी: आयएसओ १००च्या वर कधीच नेऊ नका. कमी आयएसओत लाल रंग टिकतो. फोटो हलू नये म्हणून श्वास रोखा आणि खडक किंवा पोवळं घट्ट धरा. पांढरे ठिपके म्हणजे जास्त आयएसओचा नॉइज, म्हणजे दाणे. फोटो काळा आला तर घरी उजेड वाढवा.

तिसरं आधी घेते, कारण बाकीच्यांनी फोटो बिघडतो, याने माणूस बिघडू शकतो. स्कूबाच्या, म्हणजे हवेची टाकी लावून बुडी मारण्याच्या, पहिल्या दिवशी पहिलं वाक्य शिकवतात ते 'श्वास रोखायचा नाही'. दहा मीटरवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे टाकीतून भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. त्यासाठी दहा मीटर वर यावं लागतं असंही नाही. भरल्या छातीने एक-दीड मीटर वर सरकणंही धोक्याचं, आणि श्वास भरून रोखला की शरीर आपोआप वर तरंगायला लागतं. डोळा स्क्रीनला चिकटलेला, म्हणजे वर गेल्याचं कळतही नाही. हे ज्याने लिहिलं त्याने टाकी कधी पाठीला लावली असेल असं मला वाटत नाही.

आणि पोवळं धरा? मालवणला १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. पोवळी तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली कुठेही संरक्षित आहेत. दगडासारखं दिसतं ते जिवंत आहे, एका घट्ट पकडीत वरचा थर मरू शकतो. शिवाय त्याच खडकांच्या खाचांत सी-अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव, बसलेले असतात. एकदा तळव्यात काटे मोडून घेतले की आयएसओ आठवत नाही.

गंमत म्हणजे हे सूत्र पहिल्या सूत्राच्या पोटातूनच आलंय. आयएसओ १००वर अडकलात की कॅमेरा शटर उघडं धरून बसतो. भाच्याच्या फोटोंची माहिती उघडून बघितली: १/१० सेकंद. तळाशी पाणी मागे-पुढे झोके घेतंय, मासा फिरतोय, आपण तरंगतोय. १/१०ला काय टिपणार? तेच आयएसओ १६०० केलं असतं तर सोळापट, म्हणजे १/१६० मिळालं असतं. मग श्वास रोखायची गरजच नाही.

'पण दाणे येतात ना!' येतात. मात्र ते आकडा वाढवल्यामुळे येत नाहीत, उजेड कमी असल्यामुळे येतात. ताटात चिमूटभर मोहरी टाका, एका कडेला चार दाणे पडतील, दुसरीकडे एकही नाही. मूठभर टाका, ताट सारखं भरल्यासारखं दिसेल. सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशाचंही तसंच. आयएसओ त्यात मोहरी घालत नाही आणि काढतही नाही, जे पडलंय तेच मोठं करून दाखवतो.

पाचव्या सूत्राचं उत्तर यातच आलं. १००वर काळा आलेला फोटो घरी सोळापट उजळलात तर दाणे तेवढेच, बऱ्याच कॅमेऱ्यांत उलट जास्त. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या, त्यातल्या खालच्या मोजक्या पायऱ्यांत सगळा फोटो कोंबलेला. ताणला की पट्टे उमटतात. नव्या सेन्सरवर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो, काढला असेल तर फरक थोडा पडतो, हे मान्य.

लाल रंगाचं सूत्र वाचून मात्र मी चहा सांडला. लाल रंग पाणी खातं, कॅमेऱ्याचं बटण नाही. रॉबिन पोप आणि एडवर्ड फ्राय यांनी १९९७ साली 'अप्लाइड ऑप्टिक्स'मध्ये शुद्ध पाणी कुठला प्रकाश किती शोषतं याची मोजमापं छापली, आजही तीच वापरतात. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी त्यांचा आकडा मीटरला ०.३४, म्हणजे दर मीटरला उरलेल्या प्रकाशातला सुमारे एकोणतीस टक्के गळतो. भाचा आठ मीटरवर, मासा त्याच्यापासून दोन मीटर. वरून खाली आणि माशापासून भिंगापर्यंत मिळून दहा मीटरचा प्रवास. गणित करा, उरतो सुमारे तीन टक्के. ४५० नॅनोमीटरचा निळा नव्वद टक्क्यांहून जास्त उरतो. आणि हे प्रयोगशाळेतलं पाणी, मालवणचं नव्हे. किनाऱ्याजवळ प्लवक आणि विरघळलेला पालापाचोळा निळाही खातात, म्हणून फोटो हिरवा येतो. लाल परत हवा असेल तर जवळ जा किंवा दिवा न्या. नुसता व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लालकडे ओढलात तर त्या तीन टक्क्यांचे दाणे मोठे होतात, मग आयएसओ शंभर असो की हजार.

पांढरे ठिपके: तो गाळ आहे. कॅमेऱ्याच्या अंगातला फ्लॅश भिंगासमोरच्या कणांवर पडून परत येतो. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा वेगळा फ्लॅश, लांब दांडीवर बाजूला लावतात ते यासाठीच.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. दोन स्ट्रोब लावून वीतभर अंतरावरून एखादी न्युडीब्रँक (बिनशिंपल्याची समुद्री गोगलगाय) काढायची असेल, तर आयएसओ १०० किंवा २००च योग्य, कारण तिथे उजेड तुमचाच असतो. वर सूर्याकडे रोखतानाही कमीच. कुणीतरी तेवढ्यापुरतं सांगितलं असेल, आणि पुढच्याने त्यात 'कधीच' घुसडलं. छोट्या सेन्सरचा कॅमेरा १६००ला दाणेदार होतो हेही खरं. हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार बरा.

रात्रीच त्याला लिहून पाठवलं: शटर १/१२५च्या खाली नाही, आयएसओ ऑटो, कमाल १६००, फ्लॅश बंद, रॉ चालू, मासा हातभर अंतरावर. आणि श्वास चालू.

काल दुपारी एकच फोटो आला. खडकाजवळचा सार्जंट मेजर, तो अंगावर काळे पट्टे असलेला मासा, आयएसओ १२५०. दाणे आहेत. पट्टे मोजले, पाच.