अंगणातलं मेक्सिको

शेजारच्या नव्या बंगल्यापुढे आज सकाळी टेम्पो लागला आणि त्यातून लॉनचे गालिचे उतरले. हिरवेगार, चौकोनी, एकावर एक रचलेले. मागोमाग पेव्हर ब्लॉकची गाडी. जून उजाडला की चिपळुणात हे सुरू होतं. "पावसात लावलं की लगेच धरतं," असं नर्सरीवाले सांगतात. धरतं हो. सुटतं कधी, ते सांगत नाहीत.

मी बोलतोय कारण हा शहाणपणा मी स्वतः करून बसलोय. 2018 साली घर बांधलं तेव्हा पुढच्या अंगणात 600 चौरस फूट मेक्सिकन लॉन घातलं, चौरस फुटाला 35 रुपये मोजून. त्याआधी मजूर लावून तिथली हरळी मुळासकट उपटली, वर लाल मातीचा भराव टाकून जमीन सहा इंच उचलली, भोवती पक्की भिंत घातली आणि गेटपर्यंत पेव्हर. आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "अरे, दूर्वा उपटून गवत लावतोस?" आम्ही सगळे हसलो. त्या वर्षी गणपतीला दूर्वा बाजारातून विकत आणल्या.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन पडतं किती? या गवताला तर ऊन हवं, आणि मुळं वरच्या दोन-तीन इंचांतच. खाली पाणी तुंबलं की ती गुदमरतात. जुलैच्या मध्यावर ताटाएवढे तपकिरी डाग पडले. पहाटे त्यांच्या कडेला कापसासारखी पांढरी जाळी दिसायची. बुरशी! बुरशीनाशक मारलं, ते संध्याकाळच्या सरीने धुऊन नेलं. मग कोणीतरी म्हणालं, पिवळं पडलंय तर युरिया द्या. दिला. तापाच्या माणसाला श्रीखंड वाढल्यासारखं झालं. लुसलुशीत पात आली आणि बुरशीची चंगळ. उरलेला युरिया गटारातून शिव नदीत, तिथून वाशिष्ठीत. एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा. विहीर तळाला गेलेली आणि गवताला मात्र रोज पाणी हवं.

एक हिशेब सांगतो, डोक्यातल्या डोक्यात करून बघा. गुंठाभर जागेवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की साधारण 10 हजार लिटर पाणी होतं. म्हणजे मोठा टँकर भरून. जुलैत असे दिवस कितीतरी येतात. उघड्या मातीवर, झाडांच्या बुडाशी यातलं थोडंफार जिरतं, काही रेंगाळतं. पेव्हर घातले, त्यांच्या फटीही सिमेंटने बुजवल्या की सगळा टँकर एकदम रस्त्यावर. आपल्या आळीत वीस घरं आहेत. वीस टँकर एकदम उताराकडे सोडायचे आणि मग नगरपरिषदेच्या नावाने बोटं मोडायची.

22 जुलै 2021 च्या महापुराबद्दल चिपळूणकरांना मी काय सांगणार? पाणी ओसरल्यावरचं एवढंच सांगतो. अंगणात घोटा बुडेल इतका चिकट गाळ, त्यात कोणाची तरी शाळेची वही, कोणाचं तरी पोळपाट. फावड्याने गाळ ओढला तर खालचं लॉन त्याच्याबरोबर गुंडाळत आलं, कुजक्या वासासकट. मागच्या कोपऱ्यातला गाळ काढायचा राहून गेला होता. दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या भेगांतून हिरवी टोकं वर आली. हरळी. मजुरी देऊन उपटलेली.

भिंतही पडली, पण गंमत अशी की ती आतून बाहेर पडली. बाहेरचं पाणी उतरलं, आतलं अडकून राहिलं. चार फूट पाणी एका बाजूला अडलं की भिंतीच्या पायाशी चौरस मीटरला बाराशे किलोचा दाब येतो. आमची सहा इंची भिंत काय तग धरणार! आजोबांचा गडगा आठवला. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचलेले, फटीफटीतून पाणी आरपार. एखादा दगड घसरलाच तर उघडीप मिळाल्यावर ते तो परत जागेवर बसवायचे.

त्यानंतर मी भराव काढून टाकला. आता जोत्यापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना दोन इंच उतार आहे. सगळ्यात खोलगट कोपऱ्यात छोटं खाचर केलंय, अक्षरशः खाचर, कडेला मेर म्हणजे मातीचा बांध आणि पाणी सोडायला तोंड. भातशेतीत एका खाचरातलं पाणी दुसऱ्यात कसं सोडायचं हे ज्यांच्या रक्तात आहे, ती आपण माणसं घराच्या कंपाउंडमध्ये पाणी बघून भांबावतो, याचं मला खरंच नवल वाटतं. खाचरात कर्दळ, अळू आणि सोनटक्का. मेरेवर वाळा, त्याची खोल मुळं माती धरून ठेवतात. बाजूला एक तामण, तिला ओल मानवते. पाऊस थांबल्यावर दिवसा-दोन दिवसांत खाचर रिकामं झालंच पाहिजे, नाहीतर डासांची पैदास होते. पहिल्या वर्षी माझं तोंड उंचावर राहिलं होतं, तेव्हा बायकोने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

गेटपर्यंत पेव्हरऐवजी रेतीवर चिरे बसवलेत, बोटभर फट सोडून. फटीत आणि बाकीच्या अंगणात हरळी. मेअखेर एकदा कापतो, पावसात फक्त उघडीप असेल तेव्हा, आणि तीन इंचांखाली नाही. ओलं गवत बुडापासून खरवडलं की सडतंच. खत दसऱ्यापर्यंत बंद. भिंतीच्या जागी खाली गडगा, वर जाळी. "झाडी आली की साप येतात," असं बरेच जण सांगून गेले. पेव्हर होते तेव्हाही यायचे, गटारातून.

याने पूर थांबेल का? अजिबात नाही. 2021 सारख्या पाण्यापुढे माझी कर्दळ काय करणार! वाशिष्ठीतला गाळ, दाभोळ खाडीची भरती, कोयनेचं अवजल म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, पूररेषांची निळी रेषा-लाल रेषा हे वाद वेगळे आहेत आणि ते घालायलाच हवेत. पण महापूर दरवर्षी येत नाही. दरवर्षी येतं ते घोटाभर, कधी गुडघाभर पाणी. आमच्या आळीतलं ते पाणी बऱ्याचदा नदीचं नसतंच, एकमेकांच्या अंगणातून ढकललेलं असतं. एकाने दोन फूट भराव टाकला की दुसरा तीन फूट टाकतो. तिसरा आमच्या मागच्या गल्लीतला रिक्षावाला, त्याच्याकडे भरावाला पैसे नाहीत, म्हणून पाणी त्याच्या घरात.

मघाशी शेजारचे साहेब गेटाशी आले होते. गालिचे अजून टेम्पोशेजारी तसेच पडलेत. बराच वेळ माझ्या अंगणाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हे लॉन कुठल्या नर्सरीतून आणलंत हो?"

आई आतून म्हणाली, "त्यांना सांग, गणपतीला हव्या तेवढ्या दूर्वा न्या."