बाटल्यांचे ढेकर

लग्नाला जायचं की नाही, हे आमच्या घरी सहा बाटल्यांवर अडलं होतं. लग्न वर्ध्याला, बायकोच्या मामेभावाच्या मुलीचं, मुक्काम तीन दिवसांचा. कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्या काकू होत्या. दूधवाल्याला सांगून झालं होतं, कूलरचं पाणी काढून झालं होतं. राहिल्या फक्त बाटल्या.

"यांचे ढेकर कोण काढणार?" मी विचारलं.

बायको काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. आपल्या लग्नाच्या वेळी मामांनी मुलाची चौकशी नीट केली नव्हती, हे पंचवीस वर्षांनी तिच्या लक्षात येत असावं.

झालं होतं असं, की एप्रिलच्या सुरुवातीला डॉक्टरांनी मला बाजारचं थंड पेय बंद केलं. आता मी पडलो नागपूरचा. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा घशाला पाणी नको असतं, घशाला काहीतरी टोचणारं हवं असतं. लहानपणी ही सोय गोटी सोड्याने केली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली त्या बाटलीचं पेटंट घेतलं. आतला वायूच गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो, म्हणजे कैद्यालाच दाराशी पहारेकरी म्हणून उभं केल्यासारखं. अंगठ्याने गोटी आत ढकलली की जो आवाज व्हायचा, त्यासाठी आम्ही पैसे द्यायचो. सोडा वर फुकट.

तर माझं आंबट तोंड बघून ऑफिसातल्या एका मित्राने सांगितलं, की घरच्या घरी आल्यापासून सोडा होतो, यंत्र लागत नाही, गॅसचं नळकांडं लागत नाही. नुसतं आलं, साखर आणि पाणी. त्याने स्वतः तो कधी केला नव्हता. सल्ला देणाऱ्याचं हे लक्षण ओळखायला मला पन्नाशी उलटावी लागली.

साखरेचं काय, असं बायकोने विचारलंच. मी म्हटलं, साखर मी खाणार नाही, किडा खाणार. इथे 'किडा' हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. या आल्याच्या विरजणाला इंग्रजीत 'जिंजर बग' म्हणतात. आईने एवढंच ऐकलं, की पोरगा बरणीत किडा पाळतोय.

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले," आई म्हणाली, "या घरात किडे मारायचे असतात."

कृती तशी सोपी. काचेची बरणी घ्यायची. दोन पेले पाणी, दोन चमचे किसलेलं आलं, दोन चमचे साखर. तोंडाला दादरा बांधायचा. मग रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर आणि ढवळणं. पाणी नळाचं असेल तर आदल्या रात्री उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. आठवड्याभरात बुडबुडे येतात. पहिल्या खेपेला माझ्या बरणीत आठ दिवस काही म्हणजे काही झालं नाही. नवव्या दिवशी वर हिरवट साय आली, तिला मी प्रगती समजलो. ती बुरशी होती. कारण शोधता शोधता कळलं, की हे आंबवणारं यीस्ट आल्याच्या सालीवर असतं, आणि लेक रोज आलं किसतोय म्हणून आई पहाटे उठून प्रेमाने आलं सोलून ठेवत होती. यीस्ट रोज सकाळी कचऱ्याच्या बादलीत जात होतं. आमच्या बादलीला त्या आठवड्यात फार चांगला फेस आला असणार.

दुसऱ्या खेपेला साल ठेवली, आणि मे महिना लागला होता. तिसऱ्याच दिवशी बरणी बोलू लागली. कान लावला तर आतून बारीक सूं सूं. मी आईला ऐकवलं. ती म्हणाली, "इडलीचं पीठही फुगतं. त्याला कोणी कान लावत नाही."

मग आलं-साखरेचं पाणी उकळलं, गार केलं, गाळलं, लिंबू पिळलं, दोन लिटरला अर्धी वाटी विरजण घातलं आणि बाटल्यांचा प्रश्न आला. साधी पातळ काच वायूचा दाब सोसत नाही, फुटते. जाड काचेच्या, तारेच्या चापाच्या चार बाटल्या मागवल्या. दोन कमी पडल्या म्हणून भंगारवाल्याला थांबवून बिअरच्या, तशाच चापाच्या, दोन रिकाम्या बाटल्या विकत मागितल्या. त्याने हातगाडीचा ब्रेक लावून माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, लोक रात्री भरलेल्या घेतात अन् सकाळी मला रिकाम्या देतात. तुम्ही उलटं काऊन करून राहिले?" हे त्याने आमच्या गल्लीत, सकाळी साडेआठ वाजता, भंगारवाल्याच्या आवाजात विचारलं.

सातवी बाटली प्लास्टिकची. ती नाडी बघायला. रोज दाबायची, दगडासारखी कडक लागली, की काचेच्याही तयार झाल्या असं समजून सगळ्या फ्रिजमध्ये टाकायच्या. थंडीत यीस्ट झोपी जातं. पुस्तकात इथे गोष्ट संपते. पुस्तक लिहिणाऱ्याच्या फ्रिजमध्ये मे महिन्यात आंब्याच्या रसाचे अकरा डबे, लग्नात द्यायच्या बर्फीचे चार खोके आणि कैरीचा तक्कू नसतो. "एक बाटली बसेल," बायको म्हणाली, "आडवी." आडवी ठेवायची नाही, असं मी सांगितलं. मग तीही बसली नाही.

म्हणून ढेकर. स्वयंपाकघरात रात्री दहालाही छत्तीस डिग्री. त्या उकाड्यात यीस्ट असं कामाला लागतं, की दर पाच-सहा तासांनी प्रत्येक बाटलीचा चाप जरा सैल करून वायू सोडावा लागतो. तान्ह्या बाळाला खांद्यावर टाकून ढेकर काढतात, तसंच. फरक एवढाच, की बाळ फुटत नाही. मी रात्री दीडचा गजर लावू लागलो. अंधारात ओट्याशी उभं राहून फुस्स, फुस्स, फुस्स. एकदा पाणी प्यायला उठलेल्या आईने ते ऐकलं आणि सकाळी माझ्या उशाशी ओवा आणून ठेवला.

त्या रात्रींमध्ये मला जोसेफ प्रीस्टली नावाच्या इंग्रजाचा फार हेवा वाटला. १७६७ साली तो लीड्समध्ये बिअरच्या भट्टीशेजारी राहायला गेला. भट्टीच्या पिंपावर तरंगणारा वायू त्याने पाण्यात मुरवला आणि ते चवदार लागतं म्हणून मित्रांना पाजलं. वायू शेजाऱ्याचा, पिंप शेजाऱ्याचं, रात्रीची जाग शेजाऱ्याची. याला म्हणतात शास्त्रज्ञ.

तर लग्न. बाटल्या घरी ठेवणं म्हणजे मागे सहा बॉम्ब सोडून जाणं, आणि काकूंना ढेकर शिकवण्याची माझी हिंमत नव्हती. विरजणाची बरणी तेवढी त्यांच्याकडे दिली. "रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर. जिवापाड जपलंय काकू, फुकट जाऊ देऊ नका." बाटल्या ओल्या टॉवेलांत गुंडाळून, बर्फाच्या डब्यात घालून गाडीत आईच्या पायाशी ठेवल्या.

बुटीबोरी मागे पडल्यावर बायकोने सहज विचारलं, "यात दारू नसते ना हो?"

मी खरं बोलणारा माणूस. यीस्ट साखर खातं तेव्हा त्यातून वायू आणि अल्कोहोल अशी जुळी भावंडं होतात, वजनानेही जवळपास सारखी. वायू हवा तर भावंडाला नको म्हणता येत नाही. म्हणजे असेल अर्धा-एक टक्का, असं मी समजावून सांगितलं. गाडीत थोडा वेळ फक्त टॉवेलातून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज आला.

"आपण वर्ध्याला चाललोय," बायको म्हणाली.

वर्धा. गांधीजींचं सेवाग्राम, विनोबांचं पवनार. १९७५ पासून जिल्ह्यात दारूबंदी. आणि मी सहा बाटल्या घेऊन, त्यातल्या दोन बिअरच्या, सहकुटुंब हद्दीकडे निघालो होतो.

नाका लागायचा तो लागलाच. हवालदार सभ्य होते. डब्यात डोकावले, टॉवेल उचलला, आणि नेमकी बिअरवालीच हातात आली.

"कायची बाटली आहे जी ही?"

"आल्याचं सरबत," मी म्हटलं, आणि इथेच थांबायला हवं होतं. पण खरेपणा अंगात असतो. "म्हणजे आंबवलेलं. तसं बघितलं तर यीस्ट जेव्हा साखर..." बायकोने चिमटा काढला. त्याचा वळ वरमाला पडेपर्यंत होता.

"आंबवलेलं?" हवालदारांनी बाटली उन्हात धरली.

तेव्हा मागच्या काचेतून आईने डोकं बाहेर काढलं. "अरे बाबू, त्याच्या गॅसचं आहे ते. रात्र रात्र उठून बसतो बिचारा. दीड वाजता, पुन्हा सहा वाजता. मी रोज ऐकते."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. हवालदारांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "माझ्या सासऱ्यांनाही आहे. पाहू एक उघडून." मी 'नको' म्हणेपर्यंत त्यांचा अंगठा चापावर गेला होता. थंड पाण्यात वायू गुमान राहतो. पाणी तापलं की त्यातला निम्माही आत राहत नाही. आमचा बर्फ केव्हाच वितळला होता.

आवाज गोटी सोड्याचाच, पण दहापट. फेस आधी टोपीला लागला, मग गाडीच्या टपाला, मग रस्त्यावर. तो संपायला इतका वेळ लागला, की मध्ये आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघून घेतलं. शेवटी बाटलीच्या तळाशी दोन बोटं गढूळ पाणी उरलं. हवालदारांनी वास घेतला. आल्याचाच होता.

"एवढं सगळं पोटात होतं?" त्यांनी हळूच आईला विचारलं.

"हो ना रे बाबू," आई म्हणाली. "तुझ्या सासऱ्यांना ओवा दे, काळं मीठ लावून."

उरलेल्या पाच बाटल्या तिथेच रस्त्याच्या कडेला एकेक करून मोकळ्या करण्यात आल्या. हवालदारांनी हौसेने दोन उघडल्या, लांब हात धरून, तोंड फिरवून. चव कशी झाली होती, हे मला आजवर माहीत नाही. रिकाम्या बाटल्या मी परत डब्यात ठेवू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "ह्या दोन बिअरच्या नका नेऊ जी आत. लोकं काय म्हणतील?"

लग्न चांगलं झालं. पन्ह्याचे चार पेले प्यायलो.

घरी परतल्यावर आधी काकूंकडे गेलो. बाटल्या गेल्या तर गेल्या, विरजण जिवंत असलं की झालं. बरणी त्यांच्या ओट्यावर होती. घासून, पुसून, पालथी.

"तुम्ही म्हणाले होते ना, फुकट जाऊ देऊ नका म्हणून," काकू म्हणाल्या. "काल भोपाळचे पाहुणे आले अवचित. घरात काही नव्हतं. गाळलं, लिंबू पिळलं, बर्फ टाकला अन् दिलं. काय आवडलं बाप्पा त्यांना! जावई तर दुपारी असे झोपले, की गाडीच चुकली. कायचं सरबत होतं जी ते?"