‘दहा दिवस गाडी अडकवून ठेवली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने वाचून दाखवला. ‘नुसता आवाज काढायला दहा दिवस गाडी अडकवून ठेवली. आधी बेअरिंग म्हणाले, मग अख्खं डिफरन्शियल खोललं. चार हजार सांगून साडेअठरा हजार घेतले. पोरं मोबाईलमध्ये असतात.’ आणि एक स्टार. ऐन टोमॅटोच्या दिवसांत तुमची पिकअप उभी राहिली, याबद्दल मनापासून माफी मागतो. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही, हे मला सांगायला नको.

पण ‘अडकवून ठेवली’ हा शब्द लागला. दहा दिवस कुठून कुठे मोजले ते इथं लिहितो, कारण हे वाचून नारायणगावातला दुसरा गाडीवाला माझ्या दारात गाडी लावताना दोनदा विचार करेल.

तुम्ही पहिल्यांदा आलात सोमवारी सकाळी. ॲक्सिलरेटर सोडला की मागून हुंऽऽऽ असा बारीक, लांब आवाज येतो, ही तक्रार. मी स्वतः शेजारी बसून आळेफाट्यापर्यंत गेलो. 40 च्या स्पीडला न्यूट्रल करून बघितलं, इंजिन खाली आलं तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिन-क्लचचा नाही. डावी-उजवी वळवून बघितलं, फरक नाही, म्हणजे चाकाचं बेअरिंग नाही. परत येऊन मागची दोन्ही चाकं उचलली, डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) पिनियनच्या, म्हणजे ताकद आत आणणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या, तोंडाशी सळई लावून कान दिला, तिथंच घरघर. सीलभोवती (ऑइल आत अडवणारी कडी) ऑइल झिरपून त्यावर धूळ बसलेली. हौसिंगचा, म्हणजे त्या पेटीच्या कवचाचा, हवा सोडणारा ब्रीदर शेतातल्या चिखलाने बुजून मडक्यासारखा कडक झाला होता, तार घालून टोकरावा लागला. ब्रीदर बंद झाला की आत तापलेली हवा कोंडते आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकलते. ऑइल कमी पडलं, पिनियनचं बेअरिंग खराब झालं. हे सगळं तुम्हाला दाखवून मी म्हणालो, बेअरिंग आणि सील, 4,200 रुपये, दोन दिवस, गाडी आत्ताच ठेवा.

तुम्ही म्हणालात, माल ठरलाय. मी ऑइल भरून दिलं आणि बजावलं की लोड घेऊन माळशेज उतरू नका. घाटात भरलेली गाडी इंजिनवर धरली की सगळा भार क्राऊनच्या (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठं दातेरी चाक) दाताच्या त्याच बाजूवर येतो, ज्या बाजूला आधीच आवाज होता. तुम्ही वाशीच्या दोन खेपा केल्या. शंभर-शंभर क्रेट, म्हणजे दोन टनांच्या आसपास. मी तुम्हाला दोष देत नाही, त्या आठवड्यात भाव होता, कुणीही गेला असता. पण ते चार दिवस गाडी रस्त्यावर होती, माझ्या शेडमध्ये नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी परत आलात तेव्हा ॲक्सिलरेटर दाबतानाही आवाज येत होता. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर लोखंडाचा काळा केसाळ गोळा निघाला. क्राऊनच्या दातांवर नख फिरवलं की अडकत होतं, ते तुमच्याच नखाने तपासलंत. तेव्हा बेअरिंगचं काम राहिलं नाही, क्राऊन-पिनियनचं झालं. हे दोन्ही जोडीनेच घासून बनवलेले असतात, दोघांवर एकच नंबर असतो, एक जुना एक नवा बसवला तर आवाज मरेपर्यंत जात नाही.

शनिवारी पुण्याहून सेट आला. दात मोजले तर क्राऊनला 37 आणि पिनियनला 8. तुमच्या गाडीत 41 आणि 8. आधीच्या मालकाने कधीतरी हौसिंगच बदललेलं असणार, म्हणून गाडीच्या नंबरवरून मागवलेला सेट जुळला नाही. तो बसवला असता तर शनिवारी रात्रीच चावी तुमच्या हातात दिली असती. पण 37 दातांना ओढ कमी, भरलेल्या गाडीने शेतातून वर येताना दम सोडला असता आणि क्लच जळाला असता. मी परत पाठवला. रविवारी दुकान बंद. बरोबर सेट सोमवारी संध्याकाळी आला. माझी चूक इथं झाली, शनिवारीच तुम्हाला फोन करायला हवा होता. चुकीचा माल आला हे सांगायला जीभ रेटली नाही.

मंगळवारचा अख्खा दिवस सेटिंगला गेला. पिनियनचा नट थोडा थोडा आवळत जायचा, एकदा जास्त झाला की मागे सोडून चालत नाही, आतला स्लीव्ह फेकून नवा घालावा लागतो. मग दातांतला प्ले, म्हणजे मोकळीक, 0.15 ते 0.20 मिलिमीटरमध्ये आणायचा, दातांना निळी शाई लावून डाग मधोमध पडतो का बघायचं, नाही पडला तर शिम (पातळ चकती) बदलून पुन्हा. तुम्ही आलात तेव्हा पोरगा मोबाईलच्या टॉर्चने तोच डाग बघत होता. बुधवारी दुपारी रिकामी गाडी ट्रायल घेऊन दिली. माझ्याकडे गाडी पाच दिवससुद्धा भरत नाही.

पैशांचं बिलात आहेच: सेट 9,800, चारही बेअरिंग 3,900, सील-स्लीव्ह-शिम-ऑइल 1,400, मजुरी 3,500. पत्र्याची शेड वडिलांनी चार खांबांवर उभी केली, खोटा पार्ट आजवर कुणाला लावला नाही. यापुढे अंदाज कागदावर लिहून देऊ, उशीर होणार असला की फोनही करू.

तुमचा जुना पिनियन पेटीत जपून ठेवलाय, कधीही येऊन बघा. आणि 1,000 किलोमीटरला पहिलं ऑइल बदलायचं आहे, नव्या दातांचा कीस त्यात उतरतो. त्याचे पैसे घेणार नाही. फक्त गाडी रिकामी आणा.