"साधी सर्दीच आहे" म्हणणाऱ्यांनो, आमच्या घरी येऊ नका

"पावसाळी सर्दी आहे हो, दुसरं काही नाही." २०२२च्या पावसाळ्यात हे इतक्यांच्या तोंडून ऐकलं की डोकं फिरायची वेळ आली. लिफ्टमध्ये चार माणसं, त्यातला एक खोकतोय, मास्क नाही, तोंडावर साधा रुमालही धरत नाही. बोललं तर उलट आपल्यालाच ऐकवणार, "अजून कोरोनातच अडकलात का?" अहो, २०२२च्या जूनच्या मध्यावर राज्यात एका दिवसात कोरोनाचे चार हजारांवर रुग्ण निघाले, आणि हे फक्त तपासणी केलेले! घरच्या तपासणी किटवर दोन रेघा उमटल्या तर फोटो काढून ॲपवर टाकायचा असायचा. कोण टाकत होतं? किट कचऱ्यात आणि माणूस दोन दिवसांनी ऑफिसात.

त्याच वर्षी गुढीपाडव्याला मास्कची सक्ती उठली. म्हणजे दंड होणार नाही, एवढंच. लोकांनी त्याच दिवशी कोरोना संपवून टाकला.

माझी आत्या डायलिसिसवर आहे. तिचे तिन्ही डोस झालेत, बाहेर जाताना मास्क असतोच. तिला बघायला पाहुणे आले, त्यातल्या एकाच्या अंगात कणकण होती. हे त्याने कधी सांगावं? तिच्या शेजारी बसून, चहा पिऊन झाल्यावर! आठवड्याच्या आत आत्या ॲडमिट, ऑक्सिजनवर. पॉझिटिव्ह म्हटल्यावर नेहमीच्या सेंटरने डायलिसिसला घेतलं नाही. कोविड पेशंटसाठी वेगळं मशीन कुठे आहे, हे फोन करकरून शोधायचं, इकडे तिच्या अंगावर सूज चढतेय, पोटरी दाबली की खड्डा पडतोय. ती दोन दिवसांची धावपळ त्या पाहुण्याला कधी कळणारही नाही. तो तोवर बरा होऊन बायकापोरांसह भुशी डॅमवर भिजायला गेला होता.

आणि बूस्टर, म्हणजे लशीचा तिसरा डोस! १० एप्रिल २०२२पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना खासगीत मिळत होता. तेव्हा पैसे पडतात म्हणून नको. लशीचे २२५ आणि वर दीडशेपर्यंत शुल्क, एका वेळच्या हॉटेलात यापेक्षा जास्त उडवतात हेच लोक. मग १५ जुलैपासून ७५ दिवस सरकारी केंद्रावर फुकट होता, दुसऱ्या डोसनंतर नऊऐवजी सहाच महिने थांबायचं होतं. तरी आमच्या जवळच्या दवाखान्यात सिस्टर रिकाम्या बसून होत्या. "लस घेऊनही होतोच ना?" हो, होतो! काही महिन्यांत विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं उतरतात, कोरोनाचा ओमायक्रॉन प्रकार त्यांना चकवतोही. पण आजार छातीत उतरण्याचा धोका लस कमी करते, म्हणून तर तिसरा डोस. २०२१च्या मे महिन्यात हीच मंडळी लसनोंदणीच्या कोविन पोर्टलवर स्लॉट पकडायला मोबाईल घेऊन बसायची, गाड्या काढून तालुक्याच्या केंद्रांवर जाऊन तिथल्या लोकांच्या आधी लस टोचून यायची. त्याच्या महिनाभर आधी नाशिकला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि बावीस माणसं तडफडून गेली. सव्वा वर्षात हे पुसलं गेलं?

आत्याला घरी सोडल्याचं कळताच परवा एकांचा फोन आला, "रविवारी बघायला येतो." मी सरळ विचारलं, बूस्टर घेतला का, घरात कुणाला ताप-खोकला आहे का. राग आला त्यांना. येऊ दे. बघायचंच असेल तर व्हिडिओ कॉल करा. घरी यायचं तर मास्क नाकावर हवा, आणि कणकण असेल तर जिनासुद्धा चढू नका.