कात्री कोणाची? भयपटांच्या दोन आवृत्त्यांवरून कॉलेज रोडच्या कट्ट्यावर झालेला वाद

वादाला निमित्त झाले ते दोन डीव्हीडींच्या पाठीवर छापलेल्या मिनिटांचे. भयपट एकच होता, परंतु एका डिस्कवर १०० मिनिटे आणि दुसरीवर ९६ मिनिटे असे छापलेले होते. आमच्यातला सर्वांत धाकटा, जो पगारातला बराचसा भाग परदेशी डिस्क मागवण्यात घालवतो, त्याने लगेच निकाल देऊन टाकला की दुसऱ्या डिस्कमधली चार मिनिटे कापलेली आहेत. लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संपादन करणाऱ्या मित्राने मात्र दोन्ही वेष्टने उलटून पाहिली आणि एका डिस्कवर ‘पाल’ (टीव्हीवर चित्र दाखवण्याची एक तांत्रिक पद्धत) असे लिहिलेले दाखवले. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, पाल पद्धतीच्या डिस्कवर तो २५ चौकटींनी धावतो, त्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट एकही चौकट न गाळता शहाण्णव मिनिटांत संपतो, एवढेच त्याचे म्हणणे. धाकटा क्षणभर गप्प बसला आणि मग त्याने पिशवीतून तिसरे वेष्टन काढले. त्यावर लाल ठळक अक्षरांत ‘अनरेटेड’, म्हणजे श्रेणीविना, असे छापलेले होते, आणि खरी चर्चा तिथून सुरू झाली.

त्याचा दावा असा, की चित्रपटगृहात लागली ती भित्र्या व्यापाऱ्यांनी खच्ची केलेली आवृत्ती आणि घरच्या डिस्कवर मिळते ती दिग्दर्शकाच्या मनातली. आमच्या वकील मित्राला ही विभागणी मुळातच मान्य नव्हती. अमेरिकेत १९६८ पासून चालत आलेली वर्गवारी ही कायद्याची सक्ती नाही, ती चित्रपट व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त आहे, आणि दिलेली श्रेणी त्या व्यवसायाच्या श्रेणीमंडळापुढे ठेवलेल्या त्या एका विशिष्ट संकलनालाच लागू असते, हे त्याने सांगितले. त्या संकलनात नंतर काहीही घातले आणि ते पुन्हा मंडळाकडे पाठवले नाही, की नवी आवृत्ती आपोआप श्रेणीविना ठरते. वाढलेल्या भागात रक्ताचे पाट आहेत की नायिकेचे फोनवरचे लांबलेले बोलणे आहे, याच्याशी त्या लाल अक्षरांचा काहीही संबंध नाही. आपल्याकडे असा वेगळा कप्पा निर्माण होऊ शकला नाही, कारण १९५२ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक प्रदर्शनच करता येत नाही. आणि ‘ए’ प्रमाणपत्राचा भयपट टीव्हीवर आणायचा तर पुन्हा कात्री लावून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणजे टीव्हीवरून आपल्या घरी पोहोचणारी आवृत्ती चित्रपटगृहातल्यापेक्षा मोठी नव्हे, उलट लहानच असते.

“पण मग तिकडे सक्ती नव्हती, तर लोक कापत का होते?” असे मी विचारले, तेव्हा अण्णा पुढे सरसावले. अण्णांची पूर्वी पंचवटीत व्हिडिओ लायब्ररी होती आणि चित्रपटाचा व्यवहार त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतो. त्यांनी सांगितले की अमेरिकेतल्या ‘एक्स’ (केवळ प्रौढांसाठी) श्रेणीवर मालकी हक्काची नोंदणी केलेली नव्हती, त्यामुळे अश्लील चित्रपटवाल्यांनी ती स्वतःच लावून घ्यायला सुरुवात केली, आणि मग साध्या भयपटाला ती श्रेणी मिळाली तरी वर्तमानपत्रे जाहिरात घेईनात, चित्रपटगृहे पडदा देईनात. १९९० मध्ये तिच्या जागी तशीच केवळ प्रौढांसाठीची ‘एनसी-१७’ आणली, तरी ब्लॉकबस्टरसारखी मोठी भाड्याची साखळी ते चित्रपट दुकानात ठेवत नसे. साहजिकच निर्माते तिच्या खालची ‘आर’ श्रेणी (मुलांना पालकांसोबतच प्रवेश) मिळेपर्यंत कापत राहिले.

“म्हणजे मी म्हणतो तेच ना, अण्णा?” धाकटा म्हणाला. “नाही रे बाबा,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’चे उदाहरण काढले. ‘एक्स’ स्वीकारण्यापेक्षा तो चित्रपट अमेरिकेत श्रेणीविनाच चित्रपटगृहांत लावला गेला. म्हणजे तिथे पडद्यावरचीच आवृत्ती अनरेटेड. शिवाय त्याची १२७ मिनिटांची अमेरिकी आवृत्ती आहे, कान चित्रपट महोत्सवाच्या वेळची १३९ मिनिटांची आहे, आणि इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोने युरोपसाठी केलेली, विनोद कमी करून वेग वाढवलेली, साधारण ११९ मिनिटांची आहे. या तिन्हींपैकी कोणालाही ‘कापलेली’ म्हणून हिणवता येत नाही, कारण तिन्हींमागे जाणत्या माणसांचे स्वतंत्र विचार आहेत.

मला स्वतःला अण्णांचे याहून पुढचे उदाहरण अधिक मोलाचे वाटले. स्टुअर्ट गॉर्डनचा १९८५ चा ‘री-ॲनिमेटर’ हाही चित्रपटगृहात श्रेणीविना लागला होता, तो ८६ मिनिटांचा. व्हिडिओ दुकानांसाठी त्याची ‘आर’ आवृत्ती तयार करताना रक्तपात काढला गेला आणि मग जागा भरण्यासाठी आधी टाकून दिलेले संवादांचे प्रसंग परत आत घातले गेले, त्यामुळे सौम्य आवृत्ती ९५ मिनिटांची झाली. जास्त मिनिटे म्हणजे जास्त मूळ, हा डिस्क जमवणाऱ्यांचा आवडता समज एवढ्या एका चित्रपटाने निकालात निघतो.

यानंतर वाद कापलेल्या प्रसंगांच्या गुणवत्तेकडे वळला. १९८८ च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेतल्या सातव्या भागात खुनी एका मुलीला झोपायच्या पिशवीसकट उचलून झाडावर आपटतो. चित्रित करताना त्याने तिला अनेकदा आपटले होते. मंडळाच्या आक्षेपांनंतर पडद्यावर एकच तडाखा उरला. संपादक मित्राचे मत असे, की तो एक तडाखा अधिक भयंकर आहे, कारण प्रेक्षक दुसऱ्याची वाट पाहत असतानाच दृश्य संपते आणि हिशेब मनातच अपुरा राहतो. मूळ प्रसंग आज धूसर, व्हीएचएस कॅसेटच्या दर्जाच्या रूपातच उरले आहेत, म्हणून डिस्कवर ते पुरवणीत दाखवतात, चित्रपटात जोडत नाहीत. याउलट १९८१ च्या ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’मध्ये कापलेला सुमारे तीन मिनिटांचा भाग २००९ मध्ये परत जोडला गेला, आणि जोडलेल्या ठिकाणी चित्राचा पोत बदललेला डोळ्यांना जाणवतो. धाकट्याला तो बदल भावतो, कारण कात्री नेमकी कुठे चालली होती हे त्यामुळे बोट ठेवून दाखवता येते.

संपादक मित्राने इथे एक गोष्ट सांगितली, जी आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. चित्र परत जोडणे सोपे, अडचण ध्वनीची असते. पार्श्वसंगीत अंतिम संकलनाच्या मापाने बसवलेले असते. मध्ये बारा सेकंद घुसवले की ते संगीत एक तर तुटते किंवा कुठून तरी उसने आणून ताणावे लागते, आणि भयपटात भीती तर निम्मी कानांनीच वाटते. लग्नाच्या तीन तासांच्या चित्रफितीत मामाचे राहून गेलेले आशीर्वाद नंतर घालायला सांगणाऱ्या यजमानांना हे समजावताना माझा घसा कोरडा पडतो, असेही तो म्हणाला.

केवळ विक्रीसाठी वाढवलेल्या आवृत्त्यांबद्दल फारसे मतभेद झाले नाहीत. चित्रपटगृहासाठी मुद्दाम ‘आर’पेक्षा सौम्य अशा ‘पीजी-१३’ श्रेणीत बसवलेला भयपट काही महिन्यांनी चार-दोन शिंतोड्यांसह पुन्हा विकायचा, हा धंदा आहे हे धाकट्यानेही कबूल केले.

खरी चकमक उडाली ती ‘द डिसेंट’वरून, आणि तिथे मी धाकट्याच्या बाजूने होतो. नील मार्शलचा हा ब्रिटिश चित्रपट २००५ चा. (ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी पुढची काही वाक्ये सोडून द्यावीत.) गुहेत अडकलेली सारा शेवटी हाडांच्या ढिगावरून वर चढून बाहेर पडते, गाडी पळवते, थांबते, आणि शेजारच्या आसनावर मागे सोडून आलेली मैत्रीण तिला दिसते. २००६ मध्ये अमेरिकेत लागलेली आवृत्ती इथे संपते. मूळ आवृत्तीत मात्र त्यानंतर ती गुहेतच जागी होते. समोर तिची मृत मुलगी वाढदिवसाच्या केकसह बसलेली तिला दिसते, ती हसते, कॅमेरा मागे सरकत जातो आणि मेणबत्त्यांच्या जागी फक्त मशाल जळत असल्याचे आपल्याला कळते. अमेरिकेतल्या अनरेटेड डिस्कवर हा शेवट परत आला. यात रक्ताचा एक थेंबही वाढलेला नाही. वाढलेला आहे तो अर्थ: सुटका झाली नव्हती, आणि तिला आता सुटका नकोही आहे. कोणत्याही श्रेणीमंडळाने हा एक मिनिट आक्षेपार्ह ठरवावा असे त्यात काही नाही. अमेरिकी प्रेक्षकांना तो फार निराश करील, या अंदाजाने तो गेला. म्हणून आवृत्तीवर काय छापले आहे यापेक्षा कात्री कोणी आणि कशाच्या धास्तीने चालवली, हे विचारावे, असे मी म्हटले.

अण्णांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग पत्ता टाकला. २००९ मध्ये त्याचा दुसरा भाग आला, त्यात सारा बाहेर जिवंत सापडते. “म्हणजे कथा पुढे गेली ती छोट्या शेवटाला धरून. आता तुमचा मोठा शेवट अधिकृत कसा?” वकिलाने नंतरच्या कराराने आधीच्या कराराचा अर्थ बदलत नाही, असा बचाव केला, पण तो अण्णांना पटला नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पुरता पटलेला नाही. दुसरा भाग निघाला म्हणून पहिल्याचा शेवट खोटा ठरत नाही हे खरे, परंतु चित्रपटगृहात ज्यांनी तो पाहिला त्यांच्यासाठी ती गाडीच शेवटची होती, आणि त्यांची भीती काही कमी दर्जाची नव्हती.

धाकट्याने मग आपली खरी तक्रार सांगितली. डिस्कवर निदान आवृत्तीचे नाव छापलेले असते. ऑनलाइन मंचांवर पुष्कळदा चित्रपटाचे एकच चित्र आणि एकच नाव असते, आत कोणती आवृत्ती आहे हे शेवटची नामावली सुरू होईपर्यंत कळत नाही. या मुद्द्यावर अण्णांनीही मान डोलावली.

पुढच्या रविवारी संपादक मित्राच्या गंगापूर रोडच्या स्टुडिओत ‘द डिसेंट’चे दोन्ही शेवट लागोपाठ दाखवायचे ठरले आहे. आमच्यापैकी दोघांनी तो पाहिलेला नाही. अण्णांनी एकच अट घातली, की छोटा शेवट आधी लावायचा आणि मध्ये दहा मिनिटे थांबायचे, कारण मोठा एकदा पाहिला की छोट्याकडे पुन्हा निष्पक्ष नजरेने पाहता येत नाही. या अटीला धाकट्याने विरोध केला नाही.