नारळ उभा राहिला

सोसायटीची बोअरवेल कुठे घ्यायची हे ठरवण्यासाठी गेल्या रविवारी पाणाड्याला बोलावण्यात आले. मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलेले असूनही माझ्याकडे त्याच्या दक्षिणेचे पाकीट सांभाळण्याचे काम आले, कारण चेअरमनसाहेबांच्या मते, "तुम्ही बँकेतले, तुम्ही पैशांचं बघा."

आपल्या पायाखालचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तयार झाला असून, त्याच्या घट्ट कातळात पाणी राहत नाही, ते झिजलेल्या थरात आणि भेगांत सापडते, एवढे मी सांगतो न सांगतो तोच साहेबांनी ओठांवर बोट ठेवले. बोलण्याने म्हणे नारळ बिचकतो.

पाणाड्या अनवाणी होता, पण डोळ्यांवर गॉगल होता. तळहातावर आडवा नारळ, शेंडी बोटांकडे, अशा थाटात तो पार्किंगमधून निघाला आणि माझ्या स्कूटरपाशी थबकला. "लोखंड आहे, ओढ तुटते," असे तो म्हणताच चार सभासदांनी, मला न विचारता, ती उचलून फाटकाबाहेर नेली. अखेर ड्रेनेजच्या चेंबरशेजारी नारळ ताडकन उभा राहिला. तिथे खाली पाणी होते, याबद्दल माझेही दुमत नाही. "साडेतीनशे फूट, दोन इंची पाणी," त्याने जाहीर केले आणि टाळ्या पडल्या.

पाकीट देताना मी त्याचे शिक्षण विचारले, तेवढाच सूड.

"बी.कॉम., फर्स्ट क्लास," तो म्हणाला. "अकाउंट्सला ब्याऐंशी होते. तुमचं?"

मी सांगितले. त्याने गॉगल काढून माझ्याकडे खऱ्याखुऱ्या कळवळ्याने पाहिले.

बँकेच्या जाहिरातीत 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' असे लिहिलेले असते, आणि परीक्षेत गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ जणांपैकी कोणाच्या डावीकडे तिसरा कोण, एवढे ओळखता आले की खडक ओळखणारा माणूसही कर्जविभागात खपून जातो. सरकारी भूवैज्ञानिकाच्या जागा मूठभर, त्याही लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून. तोवर घरभाडे थांबत नाही. जी मुले सह्याद्रीच्या घाटांत हातोडा घेऊन उन्हात हिंडली, त्यांतली निम्मी आज कुठल्या ना कुठल्या काउंटरमागे आहेत, आणि ज्याने आम्हाला त्या घाटांत हिंडवले त्या भूशास्त्र विभागाने, पुढे आमचे काय झाले, हे आजतागायत विचारलेले नाही.

"साहेब, मुद्रा लोन मिळेल का?" पाणाड्याने विचारले. "हल्ली गिऱ्हाईक नारळावर भागत नाही, जमिनीत करंट सोडून पाणी बघायचं मशीन मागतं."

त्या यंत्रावर माझा प्रबंध होता. ते चालवायला कोण, असे मी शक्य तितक्या सहज स्वरात विचारले.

"त्याची काळजी नको," तो नारळ पिशवीत टाकत म्हणाला. "जिऑलॉजीवाली पोरं मिळतात की. दहा-बारा हजारांत."