सर्व्हर डाऊन, चहा चालू

विषय काढला बापूंनी. 'पेपरलेस ग्रामपंचायत'ची ती बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन शिळी झाली होती, तरी त्यांनी मोठ्यांदा वाचून दाखवली. पोराकडे हिंजवडीला राहून आल्यापासून गावच्या कुठल्याही दुखण्यावर बापूंकडे ॲप असतं.

"जग कुठं गेलं! आणि आपण अजून दप्तरं बांधतोय. मानसिकताच नाही लोकांची."

"मानसिकतेलापण रेंज लागते बापू," पम्या म्हणाला.

पम्या पंचायतीतला माजी संगणक परिचालक. पंचायतींत संगणक आणणारी 'संग्राम' योजना आली तेव्हा चिकटला, थकलेल्या मानधनासाठी आझाद मैदानावर बसून आला आणि शेवटी वैतागून मोबाईलचं दुकान टाकलं. या विषयावर तो बोलायला लागला की मधे कुणी तोंड घालत नाही. बापू सोडून.

"गावोगावच्या पंचायतींत इंटरनेटची वायर नेणारं भारतनेट 2011 ला मंजूर झालं. पेटी भिंतीवर आहे, दिवाही लागतो. पण रस्त्याचं काम निघालं की पहिली वायर तीच तुटते."

सगळ्यांनी सुऱ्याकडे बघितलं. सुऱ्या जेसीबी चालवतो.

"माझ्याकडं काय बघता? खाली काय पुरलंय ते कुणी सांगितलंय का कधी?"

"बरं, वायर जोडली," पम्या म्हणाला. "पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांचं डिजिटल सहीचं डोंगल पाहिजे. ग्रामसेवक दुसऱ्या गावाला. सरपंचबाईंचं डोंगल सरपंचपतींच्या खिशात, त्याचीपण मुदत संपलेली. हिशेब ई-ग्रामस्वराजवर, जन्म-मृत्यू दुसऱ्याच पोर्टलवर. आणि ओटीपी जातो बदली होऊन गेलेल्या ग्रामसेवकाच्या नंबरवर. तो फोन उचलत नाही."

"अरे, एस्टोनियात बघ, सरकारी कामं ऑनलाईन..."

"एस्टोनियात गुरुवारी लाईट जाते का?"

मी इथं पम्याच्या बाजूनं मान हलवली, ती बापूंनी पाहिली. मग त्यांनी जुनं काढलं. "तू नको बोलूस! माझ्या घराच्या उताऱ्यावर लक्ष्मीबाईची लकमीबाई केलीस. बायको अजून मलाच बोलते."

"ते मी नाही, फॉन्टनं केलं. जुनं सगळं श्रीलिपीत टाईप केलेलं. युनिकोडमधे नेलं की जोडाक्षरांचा खिमा. निम्म्या गावाची नावं मी हातानं सुधारली."

"मग आमचंच का राहिलं?"

"अर्ज द्या म्हटलं, तर तुम्ही आलाच नाहीत. कारण आलं की आधी घरपट्टी निघते. नमुना नऊला, म्हणजे कराच्या वहीत, तुमची थकबाकी मात्र एकदम शुद्ध मराठीत आहे."

सुऱ्याच्या नाकातून चहा आला.

"भरली असती!" बापू उठलेच. "क्यूआर कोड लावा म्हणून ग्रामसभेत मीच बोललो होतो. लावला का?"

"लावलाय की. पंचायतीच्या दारावर. तुमच्या वाढदिवसाच्या बॅनरच्या मागं."